पांढरी तीनच्या खाली

बेस गिटार वाजवणाऱ्याकडे कुणाचं लक्ष नसतं, आणि मला ते बरं वाटतं. लग्नाच्या रिसेप्शनला लोक गाणाऱ्या बाईकडे बघतात, ड्रमवाल्याकडे बघतात, कीबोर्डवाल्याच्या बोटांकडे बघतात. माझ्याकडे बघितलंच कुणी, तर विचारतात, ह्या गिटारला चारच तारा कशा, बाकीच्या तुटल्या काय. मी मान हलवतो. समजावून सांगायला लागलो तर त्यांची जेवणाची पंगत चुकेल आणि माझं डोकं फिरेल.

आमच्या ऑर्केस्ट्रा पार्टीत गाणारी बाई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. तिला मी आक्का म्हणतो आणि पार्टीतले सगळेही आक्काच म्हणतात. बेळगावपासून निपाणीपर्यंत आम्ही लग्नं, बारशी, गणपती, यात्रा करत आलो. दोन गाणी मराठी, दोन कन्नड, एक हिंदी, असा आमचा हिशेब. कुठल्या गावात कुठली आधी घ्यायची हे आक्काला मांडवात शिरतानाच कळतं. मला अजून कळत नाही. मी तिच्या मागे चालतो.

गाणाऱ्याची पट्टी म्हणजे काय, ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. पेटीवर काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्या असतात. गाणारा माणूस आपला सा ज्या पट्टीवर धरतो, ती त्याची पट्टी. कुणी काळी एक, कुणी पांढरी सहा. माणसाच्या चपलेचा नंबर जसा वर्षानुवर्षं बदलत नाही तसा हा नंबरही सहसा बदलत नाही, आणि गाणारे तो अभिमानानं सांगतात. आक्काचा नंबर काळी चार. नव्या कीबोर्डवाल्यानं विचारलं की ती त्याच्याकडे न बघता सांगायची, काळी चार, आणि पदर खोचायची.

तो आवाज आला कुठून, हे मला ठाऊक आहे. बेळगावातल्या वडगावात आमचं घर मागांचं. पुढच्या सोप्यात यंत्रमाग, मागे स्वयंपाकघर. माग चालू असताना भाकरी वाढ म्हणायचं तरी ओरडून म्हणावं लागायचं. आक्का लहानपणापासून त्या खडखडाटाच्या वर गात राहिली. कांड्या भरता भरता गायची आणि बापाला मागावर ऐकू जायची. मला मात्र त्या घरात वरचं काही नीट ऐकू यायचं नाही. मला ऐकू यायची ती खालची घरघर, जमिनीतून पायात चढणारी. माग बंद झाला की मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. पुढे कॉलेजात एका गॅदरिंगला बेस गिटार ऐकली आणि वाटलं, हे तर आपल्या घरातलंच आहे. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी लागल्यावर मी पहिली वस्तू घेतली ती चार तारी बेस. जड लाकडाची, खांदा मोडणारी. दुकानात हलक्या गिटारीही होत्या, पण त्यांचा आवाज मला पोकळ वाटला. आता पन्नाशीकडे झुकताना खांदा रोज त्या निवडीची आठवण करून देतो.

आक्काच्या गळ्यावर गाठ दिसली तेव्हा आम्ही घरातल्यांनी आधी महिनाभर तिच्याकडे बघणंच टाळलं. मग ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, थायरॉइडची. सगळे सुटलो म्हणाले. मी म्हणालो नाही, कारण डॉक्टरांनी सुट्टी देताना अर्धं कन्नड अर्धं मराठी जे सांगितलं ते मी नीट ऐकलं होतं. आवाजाची नस तिथूनच जाते, तिला थोडा धक्का लागलाय. आवाज येईल, पण पहिल्यासारखा येईलच असं नाही. जिथं सहज बसेल तिथंच गायचं. ताणून वर न्यायचा प्रयत्न केला तर जे उरलंय तेही जाईल. दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, बिलाच्या खिडकीपाशी होते. आक्का पिशवीत औषधं भरत होती. ऐकलं का गं, असं मी तिला विचारलं. ऐकलं की, म्हणाली आणि पिशवीचं तोंड बांधलं.

गाणं परत सुरू झालं तेव्हा ती काळी चारवरच उभी राहिली. आमच्या खोलीतली तालीम होती, बाहेरचं कुणी नव्हतं. अंतरा वर चढला आणि तिचा आवाज कापडासारखा टरकन फाटला. कीबोर्डवाला गुणी माणूस. त्याच्या यंत्रावर एक बटण असतं, ते दाबलं की सगळी पट्टी एका घरानं खाली येते. त्यानं ते दाबलं आणि हवेत बघत बसला. त्या दिवशी आक्का पांढरी पाचवर गायली. पुढच्या महिन्यात काळी तीनवर. मग पांढरी चार.

त्याला बटण होतं. मला बोट होतं. बेसच्या गळ्यावर आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात, त्यांना आम्ही पडदे म्हणतो. सगळ्यांत जाड शेवटच्या तारेवर चौथ्या पडद्याला दाबलं की काळी चार वाजते. इतकी वर्षं माझं पहिलं बोट तिथं जाऊन बसायचं, अंधारातही. आता ते तिसऱ्या पडद्यावर आलं, मग दुसऱ्यावर, मग पहिल्यावर. आक्का एक घर खाली आली की माझं बोट गिटारीच्या डोक्याकडे एक घर सरकायचं. आणि मग एका यात्रेत तिनं कीबोर्डवाल्याकडे मान वळवून पांढरी तीन म्हटलं, आणि माझं बोट तारेवरून उठलंच. पांढरी तीन म्हणजे माझी शेवटची तार मोकळी, काहीच न दाबता. त्याच्या खाली चार तारी बेसमध्ये सूर नाही. तिथं जमीन संपते.

ह्यावर शहाणा माणूस म्हणेल, मग वरचा सा वाजव. वाजवता येतो. दुसऱ्या तारेवर वरच्या सप्तकातला सा सहज मिळतो आणि ऐकणाऱ्या हजारांत एकालाही फरक कळत नाही. पण आक्काला कळतो. ऑपरेशननंतर ती स्टेजवर माझ्या अँपच्या शेजारी उभी राहायला लागली. अँप म्हणजे माझा आवाज बाहेर काढणारी पेटी. तिथं उभं राहिलं की खालचा सा तळपायाला लागतो आणि मग आपला सा शोधावा लागत नाही, असं ती म्हणाली होती. स्टेजवर गोंगाट असतो, कानाला काही धड येत नाही. ती पायानं सूर धरायची. तिच्या पायाखाली सा ठेवणं, एवढंच माझं काम उरलं होतं आणि तेच मला जमेनासं होणार, ह्या भीतीनं मी झुरत होतो.

भ्यालेला माणूस बाजारात जातो. मी तरी जातो. आधी मी तारा बदलल्या. खरखरीत गुंडाळीच्या काढल्या आणि गुळगुळीत लावल्या, कारण खरखरीत तारेवर बोट सरकताना चर्र होतं आणि आक्काचा आवाज आता इतका बारीक सांभाळावा लागायचा की तेवढा चर्रही मला तिच्या वाटेत आडवा पडल्यासारखा वाटे. मग अँप बदलला. जुन्याचा स्पीकर लहान, खालचा सूर आला की नुसता फरफरायचा. कोल्हापुरात एकाकडे मोठ्या स्पीकरचा जुना अँप होता. तो बघायला गेलो, घेतला, आणि निपाणीच्या गाडीत मागच्या सीटवर मांडीशी धरून आणला. कंडक्टर म्हणाला, हे माणूस आहे की सामान ते ठरवा. घरी लावून मोकळी तार छेडली तर मांडणीवरची भांडी वाजली. बायकोनं भांडी खाली उतरवून ठेवली आणि विचारलं, आता बास का? मी म्हटलं, बास. खोटं बोललो, कारण डोक्यात तेव्हाच पुढचं सुरू झालं होतं.

पुढचं म्हणजे पांढरी तीनच्या खालचं घर, काळी दोन. आक्का उद्या काळी दोन म्हणाली तर काय? शेवटची तार सैल करून एका घरानं खाली उतरवता येते. मी घरी करून बघितली. सैल झालेली तार पडद्यांवर खडखडते, सूर थरथरतो, आणि त्या एका तारेवरची सगळी घरं एकेक सरकतात. वीस-पंचवीस वर्षं जिथं बोट पडतंय तिथं भलताच सूर निघतो. चारही ताराच उतरवल्या तर बोटं चुकत नाहीत, पण मग पार्टीत मधूनमधून पुरुषांची गाणी म्हणणारा एक गायक आहे, त्याची गाणी बोंबलतात. जास्त जाड तार लावली तर उतरवल्यावरही ती ताठ राहते, हे वाचून मी जाड तारही आणली. लावली. पण उतरवली नाही. पांढरी तीनलाच ताणून ठेवली, इतकी ताठ की बोटाच्या टोकाला घट्टे पडले. उतरवून ठेवणं म्हणजे आक्का खाली येणार हे आपणच ठरवून टाकणं, असं मला वाटायचं. घरात आजारी माणूस असताना जशा काही गोष्टी बोलत नाहीत, तशातली ही गोष्ट होती. तिला थेट विचारायचं धाडस तर नव्हतंच.

तरीही शेवटी खडेबाजारातल्या वाद्यांच्या दुकानात मी पाच तारी बेस हातात घेतली. तिला जाड तारेच्याही वर आणखी एक जाड तार असते, पांढरी तीनच्या खाली पाच घरं जाणारी. गळा रुंद, हात पुरत नव्हता. पण ती पाचवी तार छेडली आणि पोटात असं काही हललं की मला क्षणभर स्वस्थ वाटलं. म्हटलं, आता हिनं कुठंही जावं, आपण आहोत खाली. दुकानदार ओळखीचा. रविवारपुरती घरी नेऊन बघा म्हणाला. मी ती घरी आणली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

रविवारी सकाळी आक्का आली. तिचं सासर शहापुरात, हाकेच्या अंतरावर. भाजी निवडायला ती वहिनीपाशी, म्हणजे माझ्या बायकोपाशी बसली आणि बसल्या जागेवरून तिनं गिटार बघितली. तारा मोजल्या असणार.

“पाचवी तार कशाला रं?” तिनं विचारलं.

मी काहीतरी सांगून वेळ मारून नेऊ शकलो असतो. पण मला खोटं बोलताना घाम येतो आणि तिला तो दिसतो. मी खरं सांगितलं. माझी चौथी तार पांढरी तीनवर संपते, त्याच्या खाली माझ्याकडे काही नाही, ही तार त्याच्या खालची आहे. लागली तर असावी.

ती मेथीची काडी हातात धरून तशीच बसली. मग म्हणाली, “म्हंजे मी अजून किती खाली जाणार, त्ये तू आधीच मोजून आलास व्हय?”

बायको उठून आत गेली. मी म्हटलं, तसं न्हाय गं. पण तसंच होतं. आक्कानं मेथी पुरी निवडली, हात धुतले आणि चहा न घेता गेली. ती आमच्या घरातून चहा न घेता कधी गेलेली मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या शिफ्टला जाता जाता मी पाच तारी दुकानात परत देऊन आलो. दुकानदारानं विचारलं, गळा रुंद पडला का? मी म्हटलं, व्हय, रुंद पडला.

त्यानंतर ती पांढरी तीनवर अडकून बसली. खाली यायचं नाव नाही. मी मनात म्हणायचो, चला, थांबलं, इथं ठरलं आता. पण ते थांबणं काही चांगलं दिसत नव्हतं. वरचा सूर आला की तिच्या मानेच्या शिरा ताठ व्हायच्या. अंतऱ्याची शेवटची ओळ ती अर्धी गायची आणि अर्धी माइक प्रेक्षकांकडे करून त्यांच्याकडून म्हणवून घ्यायची. लोकांना ते आवडायचं, टाळ्या पडायच्या. कार्यक्रम झाल्यावर ती गाडीत गरम पाण्याची बाटली घेऊन बसायची आणि कुणी काही विचारलं तर हातानं उत्तर द्यायची. डॉक्टर म्हणाले होते ते माझ्या डोक्यात सतत घुमत राहायचं. ताणून वर नेला तर उरलंय तेही जाईल. हे वर नेणंच की नाही? पण तिला तसं म्हणायला गेलो तर ती परत मेथीची काडी धरून बघणार. म्हणून मी तिच्याकडे बघायचं सोडून तारेकडे बघत राहिलो. अँपची घुंडी थोडी फिरव, तार पूस, सूर तपास. सूर दाखवणारा एक चिमटा असतो, गिटारीच्या डोक्याला लावायचा. मी तो दर गाण्याआड बघायचो, जणू बिघाड तिथंच दिसणार होता.

निपाणीचं लग्न दुपारचं होतं. तंबाखूच्या व्यापारातलं मोठं घर, हायवेच्या कडेला मंगल कार्यालय, बाहेर गाड्याच गाड्या. अक्षता पडल्या आणि एका बाजूला पंगती सुरू झाल्या, दुसऱ्या बाजूला आम्ही. अशा वेळी कुणी ऐकत नसतं. वाढपी ओरडत असतात, मुलं स्टेजसमोर पळत असतात. मला अशीच गर्दी आवडते, पण त्या दिवशी सकाळपासून माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. येताना गाडीत आक्का एक शब्द बोलली नव्हती. खिडकीची काच वर करून मफलर बांधून बसली होती, आणि बाहेर ऊन रणरणत होतं.

पहिलं कन्नड गाणं पार पडलं. दुसरं मराठी, लावणीच्या ठेक्याचं. दुसऱ्या अंतऱ्यात ती वर गेली आणि आवाज गेला. फाटला नाही, गेलाच. ओठ हलताहेत आणि माइकमधून नुसता वारा. ड्रमवाला वाजवत राहिला, कीबोर्डवाल्यानं ती ओळ बोटांवर घेतली आणि गाणं कसंतरी संपवलं. हे आजच व्हायचं होतं, हेच मला म्हणायचं होतं ना इतके दिवस, आता सगळं संपलं, असं एकामागून एक डोक्यात येत होतं. निवेदन करणाऱ्यानं वधूवरांच्या घराण्याची स्तुती सुरू केली. त्याला ती कितीही लांबवता येते.

आक्का पाणी प्यायली. पाठ लोकांकडे करून कीबोर्डवाल्याजवळ गेली आणि काहीतरी बोलली. त्यानं माझ्याकडे बघितलं.

“अण्णा, काळी दोन म्हणताहेत,” तो म्हणाला. “मी केलं बटण. तुमचं काय?”

माझं काय? माझं काही नव्हतं. मी वरचा सा वाजवतो असं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आक्काच माझ्यापाशी आली. मी तारेची खुंटी धरली. चिमट्याकडे बघितलं तर निवेदनामागे ड्रमवाल्यानं धरलेल्या ठेक्याच्या थरथरीनं त्याचा काटा नाचत होता, त्यावर विसंबण्यात अर्थ नव्हता. आक्कानं ते बघितलं. माइक खाली धरला, माझ्या कानाशी वाकली.

“मी सा देतो, तू उतर खाली,” म्हणाली.

आमच्याकडे बायकाही असंच बोलतात, देतो, जातो, आलतो. तिनं तोंड मिटून सा धरला. इतका हळू की त्या गलक्यात तो मला कसा ऐकू आला, सांगता येत नाही. मी खुंटी फिरवत गेलो. तार तिच्या सुराच्या वर होती, दोन्ही सूर एकमेकांवर घासून थरथरत होते. जसजशी तार खाली आली तसतशी ती थरथर मंदावली आणि मग एका जागी दोन्ही एक झाले. अँपमधून तो सा फळ्यांवर आला, आणि तिनं एक पाय जरा उचलून परत टेकवला. जाड तार उतरूनही खडखडली नाही. मी मात्र त्या गाण्यात दोनदा चुकलो, बोट जुन्याच घरात पडलं. कीबोर्डवाल्यानं सांभाळून घेतलं.

आणि आक्का गायली. तो आवाज मी तिच्याकडून कधी ऐकला नव्हता. जाड, जरा घोगरा, पण कुठंही न अडकणारा. वर जायची ओळ आली तेव्हा मी डोळे मिटून घेतले, सवयीनं. ती ओळ तिनं पूर्ण म्हटली. माइक कुणाकडे केला नाही. लोक जेवत होते. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं पोराच्या तोंडात घास देता देता वर बघितलं आणि परत घासाकडे वळली. बस्स, एवढंच. मला वाटलं होतं, काळी दोनचा दिवस उगवेल तेव्हा सगळ्यांना कळेल. कुणालाही काही कळलं नाही. उरलेली सगळी गाणी ती तिथंच गायली आणि मी माझी चुकणारी बोटं सांभाळत तिच्या खाली वाजवत राहिलो.

सामान बांधून झाल्यावर शेवटच्या पंगतीला आम्ही बसलो. मसालेभात, भजी, जिलबी. आक्का माझ्या शेजारी होती. मला हायसं वाटायला हवं होतं, पण मला राग आला होता. माझा राग असाच येतो, सगळं ठीक झाल्यावर. इतके महिने हिनं जीव टांगणीला लावला आणि आज एका वाक्यात काम झालं. मी म्हटलं, “हे आधीच का न्हाई केलंस? डॉक्टर काय म्हणालते, ऐकलं न्हवतंस?”

तिनं भात कालवला. “तुझी तार तिथं संपत हुती न्हवं,” म्हणाली. “मी खाली गेलो असतो तर तू कुठं ऱ्हाणार हुतास?”

मला काही समजेना. मी म्हटलं, “पाच तारी आणली होती की मी. तूच बोललीस म्हणून परत दिली.”

“बोललो. राग आलता. मग दुसऱ्या दिशी तू परत दिऊन आलास. मला वाटलं, ह्याला काय ह्याच्या खाली यायला जमत न्हाय. मग मीच थांबलतो. बेस न्हाय खाली आन मी एकटीच गातोय, तसं नगं वाटलं मला.”

वाढपी भाताचं पातेलं घेऊन पुढ्यात उभा होता. मी हात आडवा धरला, त्याला वाटलं पुरे, तो पुढे गेला. मी खाली बघत होतो. इतके महिने ती मानेच्या शिरा ताणून जी पांढरी तीन धरून राहिली होती, ती माझ्यासाठी. जे उरलंय तेही जाईल हे ऐकून, माहीत असून. आणि मी शेजारी उभा राहून चिमट्याचा काटा बघत होतो.

“मला सांगायचं न्हाईस व्हय?” मी म्हटलं.

“तू बी विचारायचं हुतंस की,” ती म्हणाली. रागावून नव्हे, भजी पुढे सरकवत म्हणाली.

ते खरं होतं. अँप कुठला, तार किती जाड, गळा किती रुंद, हे मी कोल्हापूरपर्यंत जाऊन दहा जणांना विचारलं. हे तिला विचारायला मला लाज वाटली, भीती वाटली, काय वाटलं कोण जाणे. जिलबीचा पाक पत्रावळीवर पसरून भाताला लागला होता, तो मी बोटानं आवरत बसलो. मग विचारलं.

“घसा दुखतोय काय गं?”

आक्कानं घास गिळला. गळ्यावरच्या वणावर दोन बोटं ठेवून तिनं जरा दाबून बघितलं, खरंच तपासून सांगायचं असल्यासारखं. मी वाट बघितली.

“आत्ता न्हाय,” ती म्हणाली. “मगा लई दुखत हुता.”